हाकेला ओ येईपर्यंत

आमच्या रामनगरच्या दवाखान्यात औषधांची खिडकी मी सांभाळते आणि कॉम्प्युटर शिल्पा. पोरगी रानातल्या दिग्गी गावची, डिप्लोमा केलेली. नवरा गोव्यात ट्रकवर, म्हणून तिची धाकटी लेक भाग्या दिग्गीत आजीकडं असते. मागल्या खेपेला शिल्पा घरी गेली तर भाग्या आजीच्या लुगड्यामागं लपली. म्हणे, "पावनी आलीया." हे सांगताना शिल्पा हसली, मला काही हसू आलं न्हाई.

तिला रजा का मिळत न्हवती ते सांगते. आमच्या सर्व्हरच्या पोटातल्या डिस्का दमट हवेनं सारख्या मरायच्या. म्हणून शिल्पानं डिस्का वेगळ्या पेटीत घालून वरच्या कोरड्या खोलीत ठेवल्या. सर्व्हरनं नेटवर्कच्या वायरीवरनं त्या पेटीतली डिस्क शोधायची आणि तिच्यावरनंच सुरू व्हायचं. झकास चाललं. फक्त लाईट गेली की घोडं पेंड खायचं. लाईट परत आली की सर्व्हर टुणकन उठायचा, पेटी अजून आळस देत असायची. हा एकदा शोधणार, डिस्क न्हाई म्हणणार आणि काळा पडदा करून बसणार. मग सेटिंगमधे शिरून त्याला डिस्क दाखवायची, आणि ते फक्त शिल्पाला जमायचं. यूपीएस हाय, पण दुपारी गेलेली लाईट संध्याकाळी आली तर तो तरी किती पुरणार?

डॉक्टर माणूस वाईट न्हाई. पण दिग्गीत फोनला रेंज न्हाई. "मशीन आपोआप उठायला लागू दे, मग खुशाल जा," असं त्यांनी सांगून टाकलं.

एक दिवस परत तेच झालं. रिपोर्ट अडकले, खिडकीपुढं रांग, माझं डोकं फिरलं. म्हटलं, "शिल्पे, हे काय मशीन म्हणायचं गं? एकदा हाक मारतंय आणि तोंड फुगवून बसतंय."

"ताराक्का, आमच्या दिग्गीत असं केलं असतं तर अर्धा गाव रानात चुकला असता," ती म्हणाली. "रानात हाक मारली की थांबायचं. ओ न्हाई आली तर परत मारायची. ओ आल्याबिगर पाऊल उचलायचं न्हाई."

बोलता बोलता तिनं सेटिंगचं पान उघडलं. डिस्क किती वेळा शोधायची, तिथं 'एकदा' असं तिनंच ठेवलं होतं. तिनं तो आकडा वाढवला, मधला थांबायचा वेळही वाढवला. यूपीएस काढून मेन स्विच पाडला, परत चढवला, तर सर्व्हर आपोआप उठला.

डॉक्टर म्हणाले, "खरी लाईट जाऊन येऊ दे."

"न्हाईच उठला तर रिपोर्ट मी हातानं लिहीन," मी म्हटलं. "शिल्पे, तू जीप पकड."

दुसऱ्याच दिवशी दुपारी लाईट गेली ती दिवेलागणीला आली. मी सर्व्हरपुढं उभी. डिस्क न्हाई, असं पडद्यावर आलं. परत तेच आलं. "मार बाबा, अजून एक हाक मार," मी म्हटलं, आणि तेही मोठ्यानं. मग पडद्यावर दवाखान्याचं नाव आलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

दिग्गीकडं जाणाऱ्या जीपच्या तुकारामाला निरोप दिला, "शिल्पाला सांग, मशीन आपलं आपण उठलं. सवडीनं ये म्हणावं."

तुकाराम परत आला आणि खिडकीशी येऊन हळू आवाजात सांगायला लागला. "अंगणातनं हाक मारली, तर तिनं ओ दिली न्हाई. तोंडावर बोट ठेवलं. पोरगी मांडीवर निजली होती. म्हणाली, मशीन उठलं ते बरं झालं. हिला मात्र मी उठवणार न्हाई."