जाड खोडाचा फोटो

माझ्या नवऱ्याला अक्कल नाही, हे मी आता उघड सांगते. अमेरिकेत अ‍ॅशबर्नमध्ये मोठ्या हुद्द्यावर नोकरी आहे, पण अक्कल नाही.

झालं असं. आमची मुलगी इथेच जन्मलेली, पंचविशीची. तिने बेसमेंटमध्ये गांजाची चार झाडं लावली. व्हर्जिनियात तेवढी चालतात. "आई, इट्स लीगल," म्हणाली. मी म्हटलं, तुला लीगल, तू सिटिझन आहेस. आम्ही ग्रीन कार्डवाले, फेडरल कायद्यात हा अजून गुन्हाच आहे. बाबाचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू तोंडावर आलाय, झाडं काढ. तिने खांदे उडवले.

नागपूरला सासरे एकटे असतात. ग्रीन कार्डावर तिकडे जाऊन मुक्काम ठोकता येत नाही. सिटिझन झाला की नवरा त्यांच्याजवळ राहायला जाणार होता. एवढंच हवं होतं त्याला.

आणि या गृहस्थाने काय करावं? झाडं काढायला म्हणून खाली गेला आणि तिथेच रमला. "खोडं किती लेचीपेची आहेत गं," म्हणाला, "वरच्या ओझ्याने मोडतील." तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात तसे शेंडे खुडले. माझ्या जुन्या परकरांच्या नाड्या काढून फांद्या हळूहळू खाली वाकवल्या, कुंडीच्या काठाला बांधल्या. समोर टेबलफॅन लावला, वाऱ्याने हललं की खोड बळकट होतं म्हणे. बापलेक रोज खाली. कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी धड बोलले नव्हते, म्हणून मीही दातओठ खात गप्प बसले.

खोडं अंगठ्याएवढी झाली आणि याला राहवेना. मराठी मंडळाच्या बागकामाच्या ग्रुपवर फोटो टाकला, स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्यासकट. खाली लिहिलं, 'शेंडा खुडा, फांदी वाकवा, वारा द्या. खोड असं होतं.' लोक तिथे टोमॅटोचे फोटो टाकतात. एका काकूंनी बिया मागितल्या. कुणीतरी फोटो पुढे पाठवला, तो कुठवर गेला देव जाणे.

इमिग्रेशनच्या वकीलबाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, इंटरव्ह्यूत शपथेवर विचारलं तर खोटं बोलता येणार नाही, आणि खरं सांगितलं तर ग्रीन कार्डही धोक्यात येईल. सध्या अर्ज मागे घ्या. मी घरी येईपर्यंत गाडीत याला सोलून काढलं. हा खिडकीबाहेर बघत बसला.

रविवारी सकाळी मुलीने रडत रडत झाडं कापायला घेतली. कात्री चालेना. शेवटी नवऱ्यानेच गराजमधून करवत आणली. मी जिन्यात उभी होते. मला त्याचा संताप येत होता, तिचा येत होता, आणि एकाच घरात बापाला एक, लेकीला एक कायदा लावणाऱ्या या देशाचाही येत होता.

तेवढ्यात सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. "केव्हा येतोस रे राहायला?" नवऱ्याच्या हातात करवत तशीच. मीच सांगितलं, "बाबा, यंदा नाही जमत त्याला."

"बरं," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी ये." नव्वदी ओलांडलीय त्यांनी.