सोळा मुड्यांची बातमी

परळच्या चाळीत राहणारे सेवानिवृत्त ग्रंथपाल विश्राम घाडीगावकर रोज सकाळी बरोबर दहाला संगणकापुढे बसत आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकी वृत्तपत्राची, आता पडद्यावर उमटणारी पाने तारीखवार वाचत. त्यांना एकच बातमी हवी होती. दुष्काळात खापरपणजोबा रामजींनी बियाण्याच्या भाताच्या, पेंढ्याने आवळलेल्या मुड्या गावात वाटल्या, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. म्हणूनच महालयाला त्यांचे पान सर्वांआधी मांडले जाई.

महालयाच्या आदल्या दिवशी बातमी सापडली. गाव तेच, नावही तेच. रामजीने सोळा मुड्या माळ्यावर दडवल्या, शेजारच्या घरातली सात माणसे उपासमारीने मेली, आणि पुढे मुड्या सोडल्या तेव्हा भाताला कीड लागलेली निघाली. विश्रामरावांनी ते तीनदा वाचले. मग अंक आणि तारीख वहीत नोंदवून त्यांनी थोरल्या बहिणीला हाक मारली आणि बातमी वाचून दाखवली.

"मेल्यांची उणीदुणी कित्याक काढतंस?" अक्का कडाडली. "आपली आवस जल्मभर रामजीच्या नावान हात जोडी होती. फाड तो कागद!"

"फाडायला कागद कुठे आहे, अक्का? आता कुणालाही वाचता येईल."

दुसऱ्या दिवशी केळीची पाने त्यांनी स्वतः मांडली. रामजीचे पान यंदा सर्वांत शेवटी होते.

"आणि ही फुडची सात पाना कोणाची रे?" अक्काने विचारले.

"नावे छापलेली नाहीत," विश्रामराव म्हणाले, आणि पहिल्या पानावर भात वाढू लागले.