आक्काला आलेली गाडी

निवृत्त झाल्यावर मी बारामतीत एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. अगदी स्वस्तात मिळाली, कारण किमतीत बॅटरी नव्हती. ती कंपनीची, तिचं दरमहा भाडं भरायचं.

"करार संपला की वाढवून मिळतो, काका. बिनघोर राहा," एजंट म्हणाला.

"म्हणजे घर आपलं आणि चूल भाड्याची?" बायकोनं तिथंच विचारलं. आम्ही दोघंही हसलो. तिचं काही चुकलं नव्हतं, हे नंतर कळलं.

गाडी घेतली ती मुख्यतः इंदापूरपलीकडच्या बावड्याला जाण्यासाठी. तिथं माझी थोरली बहीण, आक्का, एकटी राहते. दाजी गेले, मुलगा नोकरीला बाहेरगावी. पूर्वी मी एसटीनं जायचो. चहा-जेवण होईतो परतीच्या गाडीची वेळ व्हायची. ही गाडी मात्र एका चार्जिंगमध्ये कशीबशी बावड्यात पोचायची. मग आक्काच्या पडवीतल्या प्लगला वायर लावून दिवसभर बसायचं, कधी मुक्कामच करायचा. त्या बसण्यात आम्ही बहीणभाऊ लहानपणानंतर पहिल्यांदा निवांत बोललो.

अशाच एका दुपारी ती पडवीत शेंगा फोडत होती. गाडीकडं बघत म्हणाली, "हिला गिअर न्हाय व्हय?"

"नाही. एक पेडल पळायला, एक थांबायला."

"आन् डाव्या पायाला काय काम?"

"काहीच नाही."

तिचा डावा गुडघा बरीच वर्षं धड वाकत नव्हता. शेंगा बाजूला सारून ती म्हणाली, "मग मला का येणार न्हाय? तुझ्या दाजींनी आदी ट्रॅक्टर घेतला, मग जीप घेतली. मी नुसती शेजारी बसले. स्टेरिंगला हात लावला की वरडायचे."

मी थट्टा समजलो. पण चार्जिंग झाल्यावर तीच आधी जाऊन चालकाच्या सीटवर बसली.

घरामागं उसाच्या कडेनं ट्रॅक्टरची वाट जाते. तिथं मी तिला शिकवायला लागलो. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "चालू हाय का ही? आवाजच न्हाय रं." आणि लगेच पाय दाबला. गाडी सरळ पाटाच्या कडेला. मी हँडब्रेक ओढला. आक्का मात्र पदरात तोंड खुपसून हसत होती. तिला असं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं, कुणास ठाऊक.

पुढं ती शिकलीच. गाडी मागं घ्यायला वेळ लागला, पण तेही जमलं. शेतातून घरी जाणाऱ्या बायका विचारायच्या, "आक्का, आमाला कवा बसवता?" ती खिडकीतून हात बाहेर काढून म्हणायची, "आदी लायसन येऊ द्या!" तिला बारामतीला आणून शिकाऊ परवान्याच्या परीक्षेला बसवलं. रस्त्यावरच्या पाट्यांच्या खुणा तिनं जेवताना-झोपताना पाठ केल्या होत्या, पास झाली. मग आम्ही ठरवलं, पुढच्या खेपेला बावडा ते इंदापूर तिनंच चालवायची, मी नुसतं शेजारी बसायचं. त्यासाठी तिनं ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं.

त्याच आठवड्यात कंपनीचा फोन आला. बॅटरीचा करार संपला होता आणि त्या जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या ते परत घेत होते. करार वाढणार नव्हता. मी चकरा मारल्या, विनवलं. नवी बॅटरी घ्यावी तर तेवढ्यात दुसरी गाडी आली असती. एके सकाळी क्रेन आली आणि गाडी घेऊन गेली. बॅटरी काढून त्यांनी परत दिलेला सांगाडा मी पुढं भंगारात दिला.

आक्काला सांगायला एसटीनं गेलो. सगळं सांगितलं.

"म्हंजी आपली नव्हतीच का ती?"

"गाडी आपली होती. बॅटरी नव्हती."

"बरं," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढं मी गिअरची जुनी पेट्रोल गाडी घेतली. आक्का हौसेनं बसली, पण डाव्या पायानं क्लच दाबताना गुडघ्यातून कळ गेली. गाडी आचके देऊन बंद पडली. पुन्हा एकदा दाबून पाहिलं, मग दार उघडून उतरली. बिनगिअरची दुसरी गाडी कुठून तरी मागून आणतो म्हटलं, तर नको म्हणाली. "लोकाच्या गाडीला धक्काबिक्का लागला तर?" शिकाऊ परवान्याची मुदत तशीच संपली.

गेल्या हिवाळ्यात मी तिला भिगवणला मासे खायला नेलं. इंदापूर सोडल्यावर हायवे रिकामा होता, ऊन कोवळं होतं.  आक्का समोर बघतच म्हणाली, "ह्या रस्त्याला मला गाडी चालवाया आली आसती."

"आली असती," मी म्हणालो. 

भिगवणला तिनं मासे आवडीनं खाल्ले, माझ्या बायकोसाठी बांधूनही घेतले. आता बावड्याला चार्जिंगसाठी थांबावं लागत नाही. संध्याकाळच्या आत मी बारामतीत परत असतो, आणि घरी आल्यावर उरलेली संध्याकाळ कशी घालवावी ते सुचत नाही.