चाळीसच्या वेगानं चन्नपट्टण

सकाळी जयनगर अजून धुक्यात होतं. रात्री गळलेली जांभळी फुलं रस्ताभर पसरली होती. त्यांवरून आमची नवी मोटारसायकल इतकी हळू निघाली की दारात रांगोळी काढणारी शेजारीण हात थांबवून बघत राहिली. गाडीवर मी एकटाच होतो. माझ्या पुढे रिक्षा होती आणि रिक्षात माझी बायको, मृणाल.

हा प्रकार समजावून सांगायला हवा. पुण्याहून बंगळूरला बदली होऊन आलो आणि नव्वदीच्या दशकातल्या त्या मोकळ्या, झाडांच्या शहरात मला मोटारसायकल घेण्याची फार हौस आली. मृणालचा मोठा भाऊ आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. कसा, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. गाडी दारात उभी राहिली तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मी बसणार नाही. एक दिवस बसमधून तुला चालवताना बघेन. मग गाडी ठेवायची की विकायची, ते मी सांगेन."

म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी तिला बघायची होती. म्हणून ती थांब्यापर्यंत रिक्षानं, पुढे बसनं आणि मी मागून, असं ठरलं.

मला शिकवलं आमच्या घरमालकांनी, म्हणजे अण्णांनी. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं हे मराठी घराणं. त्यांची मराठी ऐकताना मला नेहमी वाटायचं की कुणीतरी आपल्याच घरातलं सामान वेगळ्या रीतीनं मांडलंय. रोज सकाळी मैदानावर ते ओरडायचे, "क्लच निधान (सावकाश) सोडा की हो! दोन्ही ब्रेक मिळून दाबा! वाळूत पुढचा नको!" पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत चाळीसच्या वर काटा न्यायचा नाही, अशी त्यांनी तंबीच दिली होती. हेल्मेटही त्यांनीच घ्यायला लावलं. आम्ही पुणेकर! हेल्मेटशी आमचं सख्य ते कितीसं असणार! पण अण्णांपुढे माझी मात्रा चालली नाही, आणि एकाऐवजी दोन घेऊन आलो. दुसरं कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी इथल्या रिवाजाप्रमाणे वाटेतल्या देवळासमोर नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. ती चिरडायची म्हणून मी क्लच असा काही झटक्यात सोडला की गाडी लिंबांवरून थेट पुजाऱ्यांच्या फुलांच्या परडीत. "स्वल्प मेल्ले (जरा हळू), सार!" म्हणत ते हसले आणि परडीतलं उरलेलं फूल त्यांनी हँडलला खोचलं.

म्हैसूर रस्त्याच्या थांब्यावर मृणाल लाल बसमध्ये चढली. कंडक्टर तिला पुढे बायकांच्या जागांकडे बोलावत होता, पण ती हट्टानं शेवटच्या सीटवर बसली. मागच्या काचेत तिचा चेहरा दिसला आणि आम्ही निघालो.

तो रस्ता आठवला की अजून डोळे मिटावेसे वाटतात. दोन्ही बाजूंनी वडांची कमान, मधून उन्हाचे कवडसे, दूर धुक्यात तरंगणाऱ्या खडकाळ टेकड्या. बस थांबत थांबत जायची, मी अंतर ठेवून मागे. काचेतला चेहरा कधी उजळायचा, कधी सावलीत बुडायचा. इंजिनाची एकसुरी गुणगुण कानात भरली होती आणि मी गाडी चालवतोय की नुसता वाहत चाललोय, ते कळेनासं झालं.

बिडदीला बस चहासाठी थांबली. तिथली तट्टे इडली (ताटलीत वाफवलेली) एवढी मोठी की एकीत पोट भरलं.

"काटा किती होता?" मृणालनं विचारलं.

"अडतीस."

"बरं." त्या 'बरं'वरून काही कळायला मार्ग नव्हता.

निघताना मी ऐटीत गिअर टाकला आणि अख्खी बस ओरडली, "सार! स्टँड! स्टँड!" साइड स्टँड खालीच राहिला होता. लाजेनं अर्धमेला झालो. आता गाडी विकली गेलीच, असं वाटलं.

आणि पुढच्या सरळ रस्त्यावर एक खासगी बस भोंगा वाजवत आमच्या लाल बसच्या पुढे गेली. आमच्या ड्रायव्हरला ते झोंबलं असावं. त्यानं बस सोडली ती सोडलीच. काचेतला चेहरा लहान होऊ लागला. रस्ता मोकळा होता, मूठ जरा पिळली असती तर गाठलं असतं. ती बघत होती, मी मागे पडत होतो आणि हात शिवशिवत होता. काटा चाळीसवर आला. मी तो तिथेच ठेवला. बस वळणाआड गेली आणि रस्त्यावर मी एकटा उरलो. फार एकटं वाटलं.

रामनगरच्या अलीकडे, तुतीच्या शेताकडेला, वडाच्या पारावर कुणीतरी बसलेलं दिसलं. जवळ गेलो तर मृणाल.

"उतरलीस का? बरं नाही वाटत?"

"कंडक्टरला वाटलं, आपलं भांडण झालंय," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "दादा माझ्याच बसच्या मागे होता रे. माझी पिशवी घरी राहिली होती, ती द्यायला. मी मागच्या काचेतून हात हलवत होते, ये, ये म्हणून. बसनं वेग घेतला तसा त्यानंही घेतला."

मी गाडी बंद केली.

"आज मी हात हलवला नाही. पण तू सुसाट येशील अशीच भीती वाटत होती. तू मात्र लहान लहान होत दिसेनासा झालास." तिनं डोळे पुसले. "तेव्हा मला इतकं बरं वाटलं!"

तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली, सीटला अडकवलेलं दुसरं हेल्मेट सोडवून डोक्यावर चढवलं आणि दोन्हीकडे पाय टाकून मागे बसली. माझ्या खांद्यात तिची बोटं रुतली.

चन्नपट्टण पाहिलं. लाखेच्या रंगांनी चमकणारे भोवरे, बाहुल्या, सगळं पाहिलं, पण त्यातलं फारसं आठवत नाही. आठवते ती परतीची वाट. ट्रक, बसगाड्या, एका घरचं सगळं बिऱ्हाड घेऊन निघालेली स्कूटरसुद्धा आमच्या पुढे गेली. पुण्याचे मित्र अजून विचारतात, बंगळूरजवळ बघण्यासारखं काय आहे? मी म्हैसूरचा रस्ता सांगतो, आणि सावकाश जा म्हणतो. शहराच्या वेशीवरचं केंगेरी आलं तेव्हा दिवे लागत होते आणि माझ्या खांद्यावर तिचा हात होता, नुसता ठेवलेला.