दार लावून घेणारा फ्रेंच मॅनेजर

वेळेच्या बाबतीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्रेंच मॅनेजरइतका हट्टी माणूस साऱ्या ओहायोत सापडला नसता, आणि हे पुण्यात वाढलेला माणूस सांगतो आहे. तरुणपणी तो फ्रान्समध्ये नावाजलेला फुटबॉलपटू होता. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा अमेरिकेत आला. ऐंशीच्या दशकात इथली लीगच बुडाली, तेव्हा कोलंबस शहरातल्या एका इनडोअर फुटबॉल संघाचा मॅनेजर झाला. गाडी चालवायला मात्र कधी शिकला नाही, त्यामुळे त्याला मॅचला नेण्याचं काम शेजारधर्म म्हणून माझ्याकडे. आम्ही एकदा सातला जेवायला बोलावलं, तर बाकीची मराठी मंडळी साडेआठला उगवली तेव्हा हा श्रीखंड संपवून कोट चढवत होता. मॅचच्या तासभर आधी तो खेळाडूंच्या खोलीचं दार लावून घ्यायचा. उशिरा येणाऱ्याने प्रेक्षकांत बसायचं. मुलाला डेंटिस्टकडे नेण्यात उशीर झालेला त्याचा सर्वांत चांगला खेळाडू एकदा असाच बाहेर राहिला आणि मॅच गेली. दुसऱ्या दिवशी हाच त्या मुलासाठी खेळणं घेऊन त्यांच्या घरी हजर.

एका हिवाळ्यात संघ हरतच सुटला. मालकाने बजावलं, शनिवारी हरलात तर तुमची नोकरी संपली. नेमका त्याच शनिवारी, भर बर्फात माझ्या गाडीचा टायर बसला. काकडत तो बदलून आम्ही पोचलो, तर पोरांनी नियमाप्रमाणे दार लावून घेतलेलं. कॅप्टनने ते उघडून हाक मारली, "कोच, लवकर आत या!"

"मला उशीर झालाय," म्हणत हा सरळ प्रेक्षकांत जाऊन बसला.

"अरे, जॉब जाईल तुझा! आज तरी जा ना यार!" मी ओरडलो.

"मग उद्यापासून त्यांना कोणत्या तोंडाने थांबवू?"

मॅचचा तो तास वैऱ्यावरही येऊ नये. दोन-दोन बरोबरी. माझा दंड त्याने असा आवळला होता की वळ उठले. पोरं सवयीने त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, मग एकमेकांना ओरडून जागा बदलत. समोरच्यांचा एक फटका खांबावर आदळून परत आला. अगदी शेवटी कॅप्टनने गोल मारला. मी उडालोच. हा मात्र तोंड झाकून रडत होता. "सगळं लक्षात ठेवलं त्यांनी," एवढंच म्हणाला.

सोमवारी मालकाने त्याला काढून टाकलं. मॅनेजरवाचून संघ जिंकतो, तर मॅनेजर हवाच कशाला! संध्याकाळी तो हे सांगायला आला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अहो, आधी त्यांना बसवा, मी पोळ्या टाकते," बायको म्हणाली.

जेवताना तोच माझी समजूत घालत होता. "मालकाचं काही चुकलं नाही. माझं काम झालं." बोलला मोठ्या ऐटीत, पण निघताना त्याला कोटाची बटणं काही लावता येईनात. शेवटी बायकोने ती लावून दिली आणि तो लहान मुलासारखा मान वर करून उभा राहिला. महिन्याभरात तो फ्रान्सला परत गेला. शनिवारी गाडी काढून कुठे जायचं, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं.