छत्तिसावा हप्ता

"शेवटचा केवढा?"

हा प्रश्न आमचे वसुलीवाले काका कुठेही विचारत. रिक्षात बसण्याआधी, हॉलच्या बुकिंगला, एकदा तर दात काढायला गेले तेव्हा डॉक्टरलासुद्धा. डॉक्टर गोंधळला. काका शांतपणे म्हणाले, "पहिली फी कळली हो. शेवटची सांगा."

आमच्या कॅम्प चार वस्तीतल्या एका छोट्या सिंधी फायनान्सवाल्याकडे ते कामाला होते. राहायला बदलापूरला. मी त्याच फायनान्सवाल्याकडून तीन लाखांचं कर्ज काढून जीन्सवर भरतकाम करणारं सेकंडहँड मशीन घेतलं. सरळ कर्जाला महिना दहा हजार हप्ता बसत होता. त्याचीच दुसरी योजना मात्र स्वस्तात पडली: पस्तीस महिने पाच हजार तीनशे. मी सहीच्या आधी पेढे वाटले. पेढा तोंडात ठेवून काकांनी तो प्रश्न टाकला तेव्हा मी कागद उलटून पाहिला. छत्तिसावा हप्ता दोन लाख पाच हजार.

पेढा माझ्या घशात अडकला, त्यांचा खाली उतरला.

"शेठ," ते मला चिडवायला शेठ म्हणत, "मुद्दल जितके दिवस तुमच्याकडे, तितके दिवस आमचं व्याज. सरळ कर्जापेक्षा तीसेक हजार जास्तच द्याल. शेवटी पैसे नसले तर नवं कर्ज, नवी फी. तेही नको असेल, तर मशीन आमचं."

"मग घेऊच नको म्हणता?"

"कर्ज वाईट नाही. तुमचा धंदा हंगामाचा. पावसात ऑर्डर नसते, तेव्हा दहा हजार कुठून काढणार होता? वाईट एकच, माणूस शेवटचा विसरतो."

त्यांनी कारागिराकडून डेनिमचा लांबलचक तुकडा मागितला आणि त्यावर दर महिन्याला एक खिसा लावायला सांगितला. चार बाजूंनी बंद. आत त्या महिन्याची शिल्लक. बँकेत का नाही, असं मी विचारलं. "फोनवर दोन बोटांत उडवाल. शिवलेलं उसवायला मात्र आपल्या धंद्यात जिवावर येतं."

तुम्हीच सांगा, हे खोटं आहे? शिलाईवाला एक वेळ उपाशी राहील, पण झालेलं काम उसवायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखतं.

मग दर पाच तारखेला काका येत. हप्ता घेत, पावती देत आणि माझ्या बायकोला म्हणत, "वहिनी, पडदा दाखवा." ती कपाटातून तो तुकडा आणून पसरे. दिवाळीच्या आधीचे खिसे टम्म, पावसातले चपटे. चपटा असला तरी खिसा शिवायचाच, हा त्यांचा नियम.

विसाव्या महिन्यात ते एका खिशावरून बोट फिरवता फिरवता थांबले. बायको चहा टाकायला आत गेली होती.

"शेठ, हा दोरा नवा."

मी छताकडे पाहिलं.

"किती काढले?"

"आठ. फोन घेतला."

"वहिनींना माहीत आहे?"

"फोन माहीत आहे. आठ हजार नाही."

"मग सांगू नका. पुढच्या दोन महिन्यांत भरा. दोरा तेवढा जुन्या रंगाचा लावा, नाहीतर तुमच्याबरोबर माझाही चहा बंद होईल."

तिसाव्या महिन्यानंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि काका नोकरी सोडून लेकीकडे नाशिकला गेले. पुढचे पाच खिसे मी आपणहून शिवले. पडदा दाखवा म्हणणारं कुणी नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात फायनान्सवाल्याचा फोन आला. "साईं, टेन्शन कायको लेता है? नवीन पेपर करू. फक्त फी भर." त्या महिन्यात तयार ऑर्डरचा माल पडून होता आणि दोऱ्याचे पैसेही द्यायचे होते. खरं सांगतो, मी "बघतो" म्हणालो. बायकोने ते ऐकलं. ती ब्लेड घेऊन बसली आणि पहिला खिसा उसवला.

दोघांनी मिळून पस्तीस उसवले. काही नोटांना डेनिमचा निळा रंग लागला होता. दोन लाख नऊ हजार निघाले. ती म्हणाली, "परत मोज." मी परत मोजले. तेवढेच होते. मग आम्ही दोघं जमिनीवर बसून उगाचच हसत राहिलो.

फायनान्सवाल्याने निळ्या नोटा उजेडात धरून पाहिल्या, मशीन मोकळं झाल्याचा कागद दिला आणि ग्लासभर पाणी प्यायला. मला वाटतं, त्यालाही हायसं वाटलं. माझं जुनं मशीन ओढून नेऊन दोन लाखांना तो विकणार कुणाला?

कारखान्यात येऊन मी नाशिकला फोन लावला. "काका, फिटलं."

ते म्हणाले, "मशीन चालू आहे?"

"चालू आहे."

"ऐकवा."

मी फोन मशीनजवळ नेला. एका खिशावर मोराचं डिझाइन चाललं होतं. मान झाली, पिसारा सुरू झाला. कारागीर म्हणाला, "कट झाला असेल, शेठ." मी फोन कानाला लावला. पलीकडे काका श्वास घेत होते. मी फोन पुन्हा मशीनजवळ धरला आणि पिसारा पुरा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.