गच्चीवरची काकडी

घणसोली गावातल्या आमच्या घरमालकीणबाईंना सगळी गल्ली 'आय' म्हणते. त्या बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि उत्तराची वाटही बघत नाहीत. त्यांचं शेत गेलं, तिथे टॉवर आले. आता त्या गच्चीवर निळ्या पिंपांत काकडी, वाल, वांगी लावतात आणि संध्याकाळी पाणी घालताना वेलींशीही मोठ्याने बोलतात.

बीडजवळचं गाव सोडून इथे आल्यापासून माझी मुलगी गप्प झाली होती. डब्यातली भाजी तशीच परत यायची. नुसत्या बिस्किटांवर राहायची, झोपेत दचकायची. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "खाणं आणि मन एकमेकांत गुंतलेलं असतं. जबरदस्ती करू नका." तरी मी रागावून घास भरवत होते.

एकदा जिन्यातून जाताना आयनी माझं रागावणं ऐकलं. "पोरीला दे माज्याकडं. पानी घालाया मानूस पायजे हाय," म्हणाल्या आणि तिला वर घेऊन गेल्या.

बऱ्याच वेळाने मी गच्चीवर गेले. आयनी काकडी तोडली, पदराने पुसली, हातानेच मोडून अर्धी तिला दिली आणि चक्क गप्प बसल्या. मुलीने ती सावकाश खाल्ली.

"आजोबा शेतात अशीच मोडून द्यायचे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"रड गो बाय. माजं शेत त्या टॉवरखाली हाय. मलाबी आठवतंय."

मी दारातच थांबले. थोड्या वेळाने मुलीने नाक पुसलं आणि विचारलं, "अजून एक तोडू?"